लाटण्यावरची नाइट साइट

आमच्या क्लबातले किस्से म्हणजे गाडीत साचलेली वाळू. शनिवारी मॅट झटकून घ्यावीत, पुढच्या शनिवारी परत तेवढीच! कोणी सहज विचारलं, "काय गं प्रज्ञा, नवीन काय?" की मी एक सांगायला घेते आणि त्याच्यामागून चार सांडतात. या वर्षीचे तर सगळेच्या सगळे एकाच वस्तूवरून झाले, आणि ती वस्तू माझ्या करंगळीच्या नखाएवढी!

क्लब नेमबाजीचा. अबुधाबीहून अल ऐनला जाताना लागतो. पिस्तुलं क्लबाचीच, तिथे घ्यायची, तिथे चालवायची, तिथेच परत द्यायची. आम्ही चौघं मराठी. मी एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत क्वालिटी बघते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते. माझा नवरा मंदार बँकेच्या आयटीत आहे. त्याच्या चुका मी फुकट काढते. देशमुखांचं मुसाफ्फाला पोळी-भाजीच्या डब्यांचं किचन. आणि चौथे नाडकर्णी काका, रुवैसला एका प्लांटवर सेफ्टी ऑफिसर. आम्हा सगळ्यांचे वडीलधारे.

या काकांसाठी हा सगळा खटाटोप होता. आमच्या वार्षिक स्पर्धेत एक फेरी अंधारात असते. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर रेंजवरचे दिवे घालवतात, मागे एक मिणमिणता दिवा ठेवतात आणि प्रत्येकाने पाच गोळ्या मारायच्या. इतक्या वर्षांत त्या फेरीत काकांची एकही गोळी कागदाला लागलेली नव्हती. दिवसा माणूस व्यवस्थित मारतो हो! पण अंधार पडला की त्यांना पिस्तुलाचं टोकच दिसेनासं होतं. या वर्षी काका रिटायर होऊन पुण्याला परत निघाले होते. म्हणजे ही शेवटची स्पर्धा. एक तरी गोळी लागायलाच हवी, असं आम्ही ठरवलं. त्यासाठी आम्ही नेहमी घेतो त्या पिस्तुलावर नाइट साइट बसवून घ्यायची परवानगीही क्लबाने दिली. आता फक्त साइट निवडायची होती. फक्त!

* * *

दुसरे कोणी असते तर दुकानात गेले असते, बोट दाखवून मोकळे झाले असते. आम्ही मराठी. आम्ही समिती नेमली.

माणसं चार, त्यात अध्यक्ष काका, सचिव मी, सल्लागार मंदार. देशमुख उरले, म्हणून त्यांना सदस्य केलं. ते रुसले. "मी एकटाच नुसता सदस्य काय म्हणून?" मग त्यांना स्वागताध्यक्ष केलं. स्वागत कोणाचं करायचं ते ठरलं नाही, पण त्यांनी त्या दिवशी कोथिंबीर वडी आणली होती, त्यामुळे कोणी खोलात शिरलं नाही.

पहिली बैठक आमच्या घरी, चांगली तीन तास. माझी मुलगी अन्वी खोलीतून बाहेर आली, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मम्मा, हाऊ मेनी गन्स आर यू गाइज बाइंग?"

"एकही नाही. एका पिस्तुलाची साइट निवडतोय."

"ओके. अँड व्हॉट डिड यू डिसाइड?"

मंदारने कागद बघून गंभीरपणे सांगितलं, "पुढची मीटिंग."

* * *

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पिस्तुलाच्या वर दोन खुणा असतात. टोकाला एक उंचवटा आणि मागे एक खाच. त्या एका रेषेत आणायच्या, म्हणजे नेम. अंधारात त्या दिसत नाहीत. म्हणून नाइट साइटमध्ये काचेच्या बारीक नळ्या बसवतात, पुढे एक आणि मागे दोन. नळीत एक वायू असतो, तो आपला आपण उजळत राहतो. सेल नाही, चार्जिंग नाही. अंधारात तीन ठिपके दिसतात, ते एका ओळीत आणले की झालं.

हे सगळं मला आता माहीत आहे. मंदारला मात्र पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं, तिथेच घोळ झाला.

त्याने समितीला न विचारता परस्पर निवड केली. दुपारी बाराला क्लबात गेला आणि अबू खालिदच्या काचेच्या कपाटातली सगळ्यात झगझगीत साइट काढायला लावली. अबू खालिद म्हणजे क्लबाचा आर्मरर, सगळी हत्यारं त्याच्या ताब्यात. इथलाच माणूस, फौजेतून निवृत्त झालेला, आणि हिंदी आपल्यापेक्षा बरी. त्याने दोनदा विचारलं, "पक्का यही चाहिए?" मंदार म्हणाला, "हबीबी, देखो ना कैसा जल रहा है!" खिडकीतून ऊन येत होतं आणि तो लाल ठिपका खरोखर निखाऱ्यासारखा दिसत होता. बसवून घेतली.

संध्याकाळी आम्ही सगळे गेलो. दिवे घालवले. काहीच नाही! ठार काळोख. मंदार पिस्तूल नाकापर्यंत आणून बघतोय. ती साइट प्लॅस्टिकच्या तंतूची होती. बाहेरचा उजेड गोळा करायचा आणि चमकायचं, एवढंच तिचं काम. बाहेर उजेडच नाही तर ती बिचारी काय गोळा करणार?

"तूने बताया क्यों नहीं?" मंदारने विचारलं.

अबू खालिद म्हणाला, "मैंने दो बार पूछा. तीसरी बार पूछना बीवी का काम है."

तेव्हापासून हा माणूस मला फार आवडतो.

* * *

मग खऱ्या नाइट साइट मागवल्या. अबू खालिदने तीन नमुने काउंटरवर मांडले. हिरवा, पिवळा, नारिंगी. रंग कोणता घ्यायचा यावर काकांनी रुवैसला घरी फोन लावला, कारण नाडकर्णी काकूंना विचारल्याशिवाय काका रुमालसुद्धा घेत नाहीत. काकूंनी एका वाक्यात निकाल दिला, "दुकानातल्या लाइटवर जाऊ नका, बाहेर उजेडात नेऊन बघा."

बरोबरच आहे! लक्ष्मी रोडवर अर्धं आयुष्य गेलंय त्यांचं. ट्यूबलाइटखाली जांभळी दिसणारी साडी घरी येऊन चॉकलेटी निघते, हे कोणाला सांगायचं?

काकांनी तिन्ही नमुने तळहातावर घेतले आणि सरळ दाराबाहेर उन्हात गेले. हात लांब केला, जवळ आणला, मान तिरकी केली. अबू खालिद दारात उभा राहून बघत होता. इतक्या वर्षांत त्याने नाइट साइट उन्हात तपासणारा माणूस बघितला नसावा.

काका आत आले आणि नमुने काउंटरवर ठेवून म्हणाले, "तीनों का कलर उड गया है. पांढुरके पडलेत. दूसरा पीस दिखाओ."

"काका," अबू खालिद हात जोडून म्हणाला, "ये रात का माल है!"

* * *

म्हणजे अंधारात बघणं आलं. पण पिस्तूल फायरिंग लाइनच्या बाहेर न्यायला बंदी, आणि नमुने सुटे. ते धरायचे कशावर? देशमुखांनी डोकं लढवलं. "वहिनी, पिस्तुलाएवढं लांब, सरळ, हातात बसणारं काय असतं? लाटणं!" मुलांचे तक्ते भिंतीला लावायची निळी चिकटमाती असते ना, तिने साइट लाटण्यावर चिकटवायच्या. समितीने टाळ्या वाजवल्या.

पुढच्या शनिवारी क्लबाच्या गेटवर सिक्युरिटीवाल्याने बॅग उघडायला सांगितली. आत तीन लाटणी. त्याने एक उचलून वर धरलं.

"ये क्या है?"

देशमुख काहीतरी सांगून वेळ मारून नेणार होते. पण पुढे काका होते, आणि काका सेफ्टीवाले. गेटवर खोटं बोलायचं नाही हा त्यांचा नियम. ते ताठ उभे राहून म्हणाले, "ये हमारा पिस्तौल है."

अबू खालिदला गेटवर यावं लागलं. त्याने लाटणी बघितली, आम्हाला बघितलं, आणि गार्डला अरबीत काहीतरी सांगितलं. गार्ड लगेच बाजूला झाला आणि आमच्याकडे फार सहानुभूतीने बघायला लागला. काय सांगितलं ते त्याने आम्हाला आजवर कळू दिलेलं नाही.

तर आम्ही चौघं लाटणी घेऊन क्लबाच्या स्टोअररूममध्ये शिरलो, दार लावलं, दिवा घालवला. आणि खरंच हो, काय सुरेख दिसत होतं! काळोखात नुसते ठिपके. काका तर लहान मुलासारखे खूश झाले. "प्रज्ञा, अगं मला दिसतंय! टोक दिसतंय मला!"

पण समिती ती समिती. मंदारला हिरवा हवा, देशमुखांना नारिंगी. वाद पेटला. शेवटी अध्यक्षांनी मतदान पुकारलं. "हिरव्याच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

शांतता.

"नारिंगीच्या बाजूने?"

शांतता.

काका खिन्न आवाजात म्हणाले, "कोणाचाच हात दिसत नाही. प्रस्ताव फेटाळला."

तेवढ्यात दार उघडलं. अबू खालिद. अंधारात चार माणसं, तिघांच्या हातात लाटणी, आणि सगळ्यांचे हात वर! तो दार हळूच लोटून निघून गेला.

(शेवटी हिरवाच घेतला. मी सचिव होते, मी लिहून टाकला.)

* * *

मधेच काकांच्या चष्म्याचं निघालं. त्यांचा चष्मा प्रोग्रेसिव्ह. वरून लांबचं, खालून जवळचं. पिस्तुलाचं टोक ना लांब ना जवळ, त्यामुळे ते बघायला काका मान मागे टाकायचे आणि छताला नेम धरल्यासारखे दिसायचे. म्हटलं, काका, त्या अंतराचा वेगळा चष्माच करून घ्या.

काका अबुधाबीत डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर मल्याळी, स्वभावाने अगदी थंड. त्यांनी विचारलं, "किस डिस्टन्स का चाहिए सर? कम्प्युटर?"

"नाही, पिस्तूल."

डॉक्टरांची पापणीही हलली नाही. "पकडके दिखाइए."

काका उठले. पाय फाकवले, दोन्ही हात ताठ पुढे केले, बोटांचं पिस्तूल करून डॉक्टरांच्या छातीवर रोखलं, एक डोळा मिटला. डॉक्टर मेजपट्टी घेऊन पुढे वाकले आणि काकांच्या नाकापासून बोटापर्यंत माप घ्यायला लागले. "हिलना नहीं," डॉक्टर म्हणाले. "नही हिलता," काका म्हणाले.

त्याच वेळी पुढच्या पेशंटबाईंनी दार उघडलं. त्यांनी ते दृश्य पाहिलं, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि रिसेप्शनवर जाऊन म्हणाल्या, "मेरा नंबर कल का कर दो. डॉक्टरसाब अभी बिज़ी हैं."

* * *

साइट बसवायच्या दिवशी काकांमधला सेफ्टी ऑफिसर जागा झाला. वायू आहे म्हटल्यावर तो गळला तर? कुठला वायू? किती? हवा खेळती हवी का? अबू खालिदच्या एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात साइट. तो म्हणाला, "काका, इतना सा है, काँच के अंदर बंद है. इन्शाल्ला कुछ नहीं होगा."

"इन्शाल्ला तो है ही," काका म्हणाले. "साथ में डेटाशीट भी दे दो."

अबू खालिदने कपाटं धुंडाळून खरंच डेटाशीट काढलं. काकांनी चष्मा बदलून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. तोवर देशमुख कपाटात हात घालून मागचं पाकीट ओढत होते. सुपरमार्केटमध्ये दूध घेताना करतात तसं! "पुढे जुना माल लावतात वहिनी. मागचं फ्रेश असतं." आणि कधी नव्हे ते देशमुख बरोबर निघाले. या साइट हळूहळू मंदावत जातात, त्यामुळे त्यांच्यावर खरंच तारीख असते आणि मागचं पाकीट नवीन होतं! अबू खालिदने कपाळाला हात लावला.

"कितने साल चलेगा?" मंदारने विचारलं.

"दस-बारह साल आराम से."

आम्ही सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काकांचं सामान पॅक होत होतं. त्यांना त्या दहा वर्षांतली एक संध्याकाळ हवी होती. मला फार वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी चिडते, म्हणून मी मंदारवर चिडले. काका मात्र हसत होते. "अरे, तोंडं काय पाडता? मी गेलो तरी तुम्ही आहात ना मारायला? यल्ला, चल, ठोक रे अबू खालिद."

* * *

आणि मग ती संध्याकाळ.

दिवे गेले. मागे तो एक मिणमिणता दिवा. ज्येष्ठ म्हणून पहिला मान काकांचा. नवा चष्मा, नव्या साइट. आम्ही मागे कानांवर मफ चढवून उभे, त्यामुळे सगळे ओरडूनच बोलत होते. अबू खालिद काकांच्या शेजारी घड्याळ घेऊन. समोर कागद अंधुकसा पांढरा दिसत होता. देशमुखांनी डोळे मिटून घेतले होते, ते बहुधा त्यांच्या गणपतीला काहीतरी कबूल करत होते.

"रेडी?" अबू खालिद ओरडला. "फायर!"

काकांनी हात उचलले.

काहीच आवाज नाही.

"प्रज्ञा!" काका मान न वळवता ओरडले. "ठिपके किती असतात गं?"

"तीन, काका!"

"मला पाच दिसताहेत!"

"प्रोग्रेसिव्ह घातलाय वाटतं," मंदार माझ्या मफवर ओरडला.

"काका, वो तीन ही हैं!" अबू खालिद ओरडला. "टाइम जा रहा है, फायर!"

"नाही. पाच आहेत. तीन इकडे, दोन तिकडे."

"काका, मारा हो!" देशमुख रडकुंडीला आले. "एक तरी मारा! कुठेही मारा!"

मी पण ओरडले. सगळेच ओरडत होतो. एवढी खटपट केली, समिती काय, लाटणी काय, आणि हा माणूस ठिपके मोजत बसलाय! काकांनी बोट ट्रिगरवरून काढलं, पिस्तुलाचं तोंड खाली केलं आणि जन्मात कधी चढवला नसेल एवढा आवाज चढवून म्हणाले, "सीज फायर! त्यातले दोन हलले!"

अबू खालिदने वैतागून दिवे लावले.

कागदाच्या बरोबर खाली, वाळूच्या पोत्यावर एक मांजर बसलं होतं. तपकिरी, हडकुळं, तोंडात पिल्लू. ते आमच्याकडे बघत होतं आणि आम्ही त्याच्याकडे. कोणीतरी मफ काढला. मग सगळ्यांनी काढले.

मांजर उठलं आणि पिल्लाला घेऊन शांतपणे कुंपणाकडे चालायला लागलं.

"अल्हम्दुलिल्ला," अबू खालिद हळूच म्हणाला. मग घसा साफ केला. "काका, आप का टाइम फिर से शुरू करता हूँ. पूरी पाँच गोलियाँ. यल्ला."

"बाकीची?" काका म्हणाले.

"क्या बाकी?"

"मांजर एका वेळी एकच पिल्लू नेतं. बाकीची कुठे आहेत? हेडकाउंट झाल्याशिवाय फायरिंग नाही."

झालं! प्लांटवरची ड्रिल सुरू झाली. काकांनी पिस्तूल रिकामं करून अबू खालिदच्या हवाली केलं आणि सगळ्यांना कामाला लावलं. बाकीचे स्पर्धकही आले, पायघोळ कंदूरा सावरत, मोबाइलचे टॉर्च लावून. पोत्यांमागे एक सापडलं. दुसरं मंदारने काढलं आणि त्याने मंदारला ओरबाडलं. तिसरं जुन्या कागदांच्या खोक्यात झोपलं होतं. अबू खालिद घड्याळाकडे बघत म्हणाला, "मिल गए सब. चलो!"

"सब कैसे?" काका म्हणाले. "एकूण किती होती?"

"मुझे क्या मालूम!"

"एकूण किती होती हे माहीत नसताना सगळी सापडली असं कसं म्हणणार?"

अबू खालिदने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आम्ही पुन्हा शोधायला लागलो. शेवटी रेंज बंद करायची वेळ झाली, तेव्हा त्याने दोन्ही हात वर केले. "मॅच खलास!"

परत येताना मंदार गाडी चालवत होता, मी आणि देशमुख मागे, काका पुढे. मला वारंवार भरून येत होतं. शेवटची स्पर्धा, आणि कोरा कागद. तेवढ्यात काकांचा फोन वाजला. रुवैसहून काकू. काकांनी स्पीकरवर टाकला. पलीकडून खोक्यांना चिकटपट्टी लावल्याचा चर्र चर्र आवाज येत होता.

"अहो, झालं का? किती लागल्या?"

देशमुखांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. काका सीटवर सावरून बसले, शर्टाला चिकटलेले मांजराचे केस झटकले आणि गाडीच्या काचा हादरतील अशा आवाजात म्हणाले, "एकही नाही!"